चार रिमोट आणि एक डबी

खोपोलीला आमच्या शेजारी एक काकू राहतात. वय सत्तरीच्या पुढे. त्यांच्या घरात चार रिमोट होते. एक टीव्हीचा, एक सेट टॉप बॉक्सचा, एक एसीचा आणि एक छताच्या पंख्याचा. काकूंना तेव्हा वाचता येत नसे. तरी चारही रिमोट त्या बिनचूक चालवीत. लाल बटन म्हणजे चालू-बंद, त्याखालचे दुसरे म्हणजे आवाज, असे सारे त्यांच्या बोटांना पाठ होते.

दिवाळीला डोंबिवलीहून मुलगा आला. त्याने तळहाताएवढी एक काळी गोल डबी आणली. ती टीव्हीसमोरच्या फळीवर ठेवली, चार्जरने विजेला जोडली आणि आईच्या हाती मोबाईल दिला. म्हणाला, "आई, आता चार रिमोट शोधायला नकोत." काकूंनी पडद्याकडे पाहिले. ओळखीची बटने तिथे नव्हती. तिथे शब्द होते. दुसऱ्या दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "गुरुजी, बोटाला येत होतं ते गेलं. आता मला अक्षरं शिकवा."

ही डबी काय करते, ते आधी पाहू. रिमोटच्या टोकाला एक बारीक दिवा असतो. बटन दाबले की तो लुकलुकतो, पण त्याचा उजेड आपल्या डोळ्यांना दिसत नाही. त्याला अवरक्त प्रकाश म्हणतात. खोटे वाटते? मग करून पाहा. मोबाईलचा, आपला चेहरा दिसतो तो कॅमेरा सुरू करा. त्याच्यासमोर रिमोट धरून बटन दाबा. पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकताना दिसेल. आमच्या वर्गात हे दाखवले तेव्हा एक गवंडीदादा कितीतरी वेळ बटन दाबीतच बसले होते.

हा दिवा बहुधा एका सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो. मध्येच थांबतो, पुन्हा लुकलुकतो. त्या थांबण्यातच निरोप असतो. शाळेच्या घंटेचे टोल ऐकून मुलांना तास कळतो की सुट्टी, ते कळते ना? तसेच हे. १९५५ साली अमेरिकेत युजीन पॉली यांनी टीव्हीचा पहिला बिनतारी रिमोट केला. तो साध्या उजेडावर चाले. टीव्हीवर ऊन पडले की उन्हालाच हुकूम समजून टीव्ही वाटेल ते करी!

डबीतही असेच अदृश्य उजेडाचे दिवे असतात. मोबाईलवरचा हुकूम वायफायने डबीकडे येतो आणि डबी तो उजेडाने टीव्हीला सांगते. मुलगा डोंबिवलीहूनही हुकूम सोडू शकतो. तो इंटरनेटवरून येतो. आपल्याला याचे नवल वाटू नये. खोपोलीच्या वीजघरात १९१५ सालापासून वीज तयार होते आणि कर्जतच्या बाजूला भिवपुरीस १९२२ पासून. घाटावरच्या तलावांचे पाणी इथे खाली पडे आणि मुंबईच्या गिरण्यांतली चाके फिरत. तिथे तार दिसत होती, इथे दिसत नाही, एवढेच.

डबीला काम शिकवावे लागते. मोबाईलच्या यादीतून टीव्हीच्या कंपनीचे नाव निवडावे. नाव नसेल तर जुना रिमोट डबीसमोर धरून एकेक बटन दाबावे. डबी ते लक्षात ठेवते. पुष्कळशा डब्यांना २.४ गिगाहर्ट्‌झचेच वायफाय लागते, ५ चे चालत नाही. जोडणी होईना तर आधी हे विचारावे. अवरक्त उजेड भिंतीपलीकडे जात नाही, म्हणून एका खोलीची डबी दुसऱ्या खोलीत उपयोगाची नाही. ज्या पंख्याला मुळात रिमोट नाही, तोही तिचे ऐकत नाही.

आता महत्त्वाचे सांगतो. ही डबी आंधळी आहे. ती हुकूम सोडते, पण टीव्ही चालू झाला की बंद, हे तिला दिसत नाही. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली आणि आली. मुलाला वाटले, आईचा टीव्ही चालूच राहिला असेल. त्याने डोंबिवलीहून बटन दाबले. टीव्ही बंदच होता. चालू आणि बंद यांचे बटन एकच, म्हणून तो रात्री दीड वाजता मोठ्याने सुरू झाला. काकू दचकून उठल्या आणि काठी घेऊन आमच्या दारात आल्या. एसीचे मात्र तसे नसते. त्याचा रिमोट दर वेळी चालू की बंद, किती गार, हे सगळेच सांगतो.

म्हणून जुने रिमोट फेकू नयेत. इंटरनेट गेले की तेच कामी येतात. पाणी तापवायचा रॉड, इस्त्री, शेगडी असल्या वस्तू लांबून चालू करायच्या प्लगला कधीच जोडू नयेत. बादलीत पाणी आहे की नाही, हे डोंबिवलीहून कोण पाहणार? डबीचा पासवर्ड ही घराची किल्लीच समजावी. तो भिंतीवर लिहून ठेवू नये. आणि मुलांनीही आईला विचारल्याशिवाय तिच्या घरातले बटन दाबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. काकूंनी मुलाला ते फोनवर सांगितलेही.

मोबाईलमध्ये उपकरणांना आपण म्हणू ते नाव देता येते. तीन महिन्यांनी काकूंनी ती नावे स्वतः लिहिली. पंखा. टीव्ही. सेट टॉप बॉक्सला नुसते 'बॉक्स'. एसीला त्यांनी 'गार' असे नाव दिले.

अभ्यास : तुमच्या घरात विजेवर चालणाऱ्या वस्तू कोणत्या? त्यांची नावे वहीत लिहा. ज्या लांबून चालू करू नयेत, त्यांच्यापुढे फुली मारा.