वाटूरचं माळवद ऑफिसात घेऊन जा

अगं, शुक्रवारी संध्याकाळी तुमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात सगळे चहाला जमतात, एकेक जण आपल्याला आवडलेलं घर स्क्रीनवर दाखवतो आणि तू मागच्या खुर्चीत बसून नुसती मान डोलावतेस. "मी काय दाखवू ताई? ते जपान दाखवतात, पोर्तुगाल दाखवतात. मी वाटूर फाट्यावरून आलेली," म्हणालीस ना? खरं सांगू का, पर्यावरणाला धरून घर कसं बांधायचं यावर त्या खोलीत सगळ्यांत जास्त बोलण्यासारखं तुझ्याकडे आहे. आजीचं माळवद दाखव.

बघ, त्या घरात तू लहानाची मोठी झालीस म्हणून तुला ते 'डिझाइन' वाटतच नाही. भिंती दोन-अडीच फूट जाड. खांब, तुळया, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होते, आणि तोवर बाहेरची हवा निवायला लागलेली असते. बाहेर तापमान चाळिशीच्या वर गेलं तरी आजी आत बिनपंख्याची डुलकी काढते, ती यामुळेच. तुमच्या ऑफिसात याला 'थर्मल मास' म्हणत असतील. म्हणू देत. तू माळवदच म्हण, बिनधास्त मराठीत बोल.

फक्त फोटो दाखवून खाली बसू नकोस हं. फोटो बघून सगळे "किती छान" म्हणतात आणि समोसा उचलतात. दोन साधे थर्मामीटर घे. एक माळवदाच्या खोलीत टांग, दुसरा काकांच्या नव्या स्लॅबच्या खोलीत. उन्हाळ्यातल्या एका दिवशी सकाळपासून झोपेपर्यंत तासातासाला आकडे लिही. भिंतीची जाडी मोज, छताची उंची मोज, दोन खांबांमधलं अंतर मोज, धूर जायला ठेवलेला झरोका नेमका कुठे आहे ते काढ. घराचा उभा छेद तुझ्या हाताने काढलेला असू दे. आकडे आणि छेद समोर असले की माणसं ऐकतात गं.

आता एक नाजूक गोष्ट. कुणीतरी किल्लारीच्या भूकंपाचा विषय काढणारच. त्याने काढायच्या आधी तूच काढ. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-धाराशिवकडे हजारो माणसं गेली, ती बरीचशी अशाच घरांखाली. गोल, ओबडधोबड दगड मातीत रचून केलेल्या भिंती, आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांना बांधलेला नाही, आणि डोक्यावर टनावारी माती. भिंतीचे पदर फाकले आणि छत खाली आलं. त्यानंतर मराठवाड्यात लोकांनी मातीच्या छताचा धसका घेतला, आणि तो अगदी रास्त होता. म्हणून 'जुनं ते सोनं' असं चुकूनही म्हणू नकोस. भिंतीच्या दोन्ही पदरांना जोडणारे लांब आरपार दगड, दारं-खिडक्यांच्या वरून सगळ्या भिंतींना बांधणारा सलग पट्टा, आणि हलकं छत, हे उपाय माहीत आहेत. भारतीय मानक १३८२७ आणि १३८२८, दोन्ही १९९३ चीच, माती-दगडाच्या बांधकामासाठीच आहेत. वाचून जा. साहेबांनी खोचक प्रश्न विचारला तर अडखळायला नको.

आणखी एक सांगते, हे सहसा कुणी बोलत नाही. तुझी आई स्लॅबच हवा म्हणून हटून बसली होती ना? तिचं चुकलं नाही. पावसाळ्याआधी माळवदावर माती कोण चढवतं? गळायला लागलं की पातेली कोण मांडतं? सारवण, पोतारा कोण करतं? बायका. मातीच्या घराचं कौतुक करणाऱ्या लेखांत हे कष्ट कुठेच नसतात. तुझ्या मांडणीत ते पहिल्या पानावर असू देत. वर्षभराची डागडुजी कोण करणार आणि त्यात किती दिवस जाणार, हा प्रश्न तुमच्या ऑफिसातल्या प्रत्येक 'ग्रीन' घराला विचारायला हवा, आणि तो तुझ्याइतका नेमका कुणाला विचारता येणार?

मग यातून काय घ्यायचं, असं विचारतील. तेव्हा ऑफिसच्या ग्रुपवर चाळीस फोटो ओतू नकोस. एक फोटो, एक आकृती, एक प्रश्न टाक. उदाहरणार्थ, 'माळवदाचा गारवा हलक्या छतात कसा आणायचा?' इथे तुला लॉरी बेकर उपयोगी पडतील. केरळात त्यांनी फिलर स्लॅब रुजवला. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथलं काँक्रीट फारसं काही करत नाही. म्हणून सळयांच्या मधे जुनी मंगलोरी कौलं बसवायची. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, ऊनही थोडं अडतं. वरून पांढऱ्या फुटक्या टाइल्सचे तुकडे किंवा चुना दिला की ऊन बरंचसं परत फिरतं. जगाच्या कार्बन डायऑक्साइडमधला साधारण ७ ते ८ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे, त्यामुळे वाचलेलं प्रत्येक घमेलं मोलाचं. आणि सळई तर आपल्या जालन्याची, भट्टीत भंगार वितळवून केलेली. हेही सांग, अभिमानाने सांग.

'गावाकडचं कोण विचारतंय' असं मनात आलं ना, की फ्रान्सिस केरे आठव. बुर्किना फासोतल्या गांदो नावाच्या खेड्यातला मुलगा, बर्लिनला वास्तुकला शिकायला गेला, आणि शिकता शिकताच गावासाठी मातीच्या विटांची शाळा उभी केली. २००१ साली ती पूर्ण झाली. तिथलेही लोक म्हणत होते, माती पावसात टिकणार कशी? त्याने नमुन्याची कमान बांधली आणि तिच्यावर माणसांना चढवून उड्या मारायला लावल्या. पत्र्याचं छत भिंतींपासून वर उचललं, म्हणजे गरम हवा मधून निघून जाते. २०२२ मध्ये त्याला प्रित्झकर पुरस्कार मिळाला. गांदोचं ऊन आणि वाटूरचं ऊन यात फार फरक नाही बघ.

इतकं लांब जायचं नसेल तर सहकाऱ्यांना घेऊन कोपरगावला जा. तिथल्या शारदा शाळेत समीप पडोरा यांच्या ऑफिसने २०१८ मध्ये माया सोमय्या ग्रंथालय बांधलं. पातळ विटांच्या थरांचं कमानदार छत जमिनीतून उगवल्यासारखं वर येतं, मुलं खाली वाचतात आणि त्याच छतावरून चालतातही. शाळा आहे, तेव्हा आधी परवानगी घ्या. फोटोंत पाहिलेली जागा पायाने फिरली की ऑफिसातले वाद निम्मे मिटतात.

पुढच्या शुक्रवारसाठी पाण्याचा विषय ठेव. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला तरी १००० चौरस फुटांच्या गच्चीवर सुमारे ५५,००० लिटर पाणी पडतं. टँकरची वाट बघितलेल्या मुलीने हा आकडा फळ्यावर लिहिला की त्याला वेगळंच वजन येतं.

आणि भिडस्तपणा जरा बाजूला ठेव. आकृतीवर तुझं नाव आणि तारीख घाल, मगच ग्रुपवर टाक. कल्पना दुसऱ्याची असेल तर त्याचं नाव मोठ्याने घे, आणि ज्या गवंड्याने तुला पट्ट्याचं काम समजावलं त्याचंही घे. कुणी म्हणालं "क्लायंट हे मागत नाही," तर वाद घालू नकोस. चालू असलेल्या एकाच घरात एकच गोष्ट करू द्या म्हणावं: पश्चिमेच्या खिडकीवर खोल छज्जा. एवढ्याला कुणी नाही म्हणत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात घरमालक स्वतः फोन करेल.

या रविवारी गावी जाणार आहेस ना? टेप आणि वही आत्ताच पिशवीत टाक. आजीला बोलतं कर: पांढरी माती कुठून आणायचे, किती बैलगाड्या लागायच्या, पहिल्या पावसाआधी किती दिवस काम चालायचं. आणि हे बघ, माळवदावर चढायच्या आधी खालून तुळया काठीने ठोकून बघ. वाळवीचा पोकळ आवाज आला तर वर जायचं नाही, खालूनच मोजायचं.