वर्षभराचं वाचन



मागच्या दासनवमीला इंदूरच्या घरी आम्ही दासबोध वाचायला घेतला. 20 दशक, 200 समास. रोज एक धरला तर 200 दिवसांत पुरा. आम्हाला वर्ष लागलं. मधे थोरलीला मुलगा झाला, धाकट्याचं लग्न झालं, आणि श्रावणात आई गेल्या. दोनदा वाचन सुटलं.

आईंना दिसत नसे, म्हणून आम्ही मोठ्यानं वाचायचो. चौथ्या दशकात श्रवणभक्तीचा समास आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढी घाई कसली? पुन्हा वाचा." तेव्हा उमगलं, आम्ही समास मोजत होतो, ऐकत होत्या त्या एकट्याच.

वाचन सुटलं तर खंत नको. थांबलात तिथूनच पुन्हा सुरू करा, पण सावकाश आणि मोठ्यानं. आता आमच्याकडे नातू मांडीवर असतो.