सायकल सर्वांची: रायपूर नगराचा विचार

छत्तीसगडच्या मैदानात वसलेले रायपूर हे 1 नोव्हेंबर 2000 पासून नव्या राज्याची राजधानी आहे. 2011 च्या जनगणनेनुसार महानगरपालिकेच्या हद्दीत 10 लाखांहून किंचित अधिक लोक राहत होते. भूमी बहुतांशी सपाट, वस्ती दाट आणि जुन्या बाजारपेठा एकमेकींजवळ, अशी या नगराची रचना आहे. सायकलीला अडविणारी मोठी चढण येथे नाही. मग हे वाहन सर्वांच्या वापरात का नाही, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

प्रथम आरोग्याचा हिशेब पाहू. प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. घरापासून कामाची जागा चार ते पाच किलोमीटरवर असेल, तर साधारण चालीने जाण्यास वीस मिनिटे लागतात आणि येण्यास तितकीच. आठवड्याच्या पाच दिवसांत ही बेरीज 200 मिनिटांपर्यंत जाते. व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. तो प्रवासातच सामावलेला असतो. कोपनहेगन येथे सुमारे 30,000 लोकांची दीर्घकाळ पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. कामावर सायकलीने जाणाऱ्यांमधील मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच कमी असल्याचे तीत आढळून आले.

परंतु रायपूरच्या रस्त्यांवर पहाटे दिसणारा सायकलस्वार प्रकृतीसाठी बाहेर पडलेला नसतो. मुठीला जेवणाचा डबा अडकवून आसपासच्या खेड्यांतून तो बांधकामावर किंवा उरला, सिलतरा येथील कारखान्यांकडे निघालेला असतो. 2011 च्या जनगणनेत शेतीबाहेरील कामावर जाणाऱ्यांपैकी देशभरात सुमारे 13 टक्के लोक सायकलीने जात असल्याची नोंद आहे. या मनुष्याला व्यायामाची महती सांगणे निरर्थक होय. शरीरश्रम त्याच्या वाट्याला पुरेसे आले आहेत. त्याला हवी आहे ती सुरक्षितता. लोखंडाने भरलेल्या मालमोटारींशेजारून, धुळीतून आणि अंधारातून तो जातो, आणि अपघात झाल्यास त्याच्या कुटुंबाची संपूर्ण मिळकत बंद पडते. म्हणून सायकलीचे धोरण आखताना हौशी स्वारापेक्षा या मजुराचा विचार आधी व्हावयास हवा.

दुसरा महत्त्वाचा वर्ग शाळकरी मुलींचा. छत्तीसगडमध्ये सरस्वती सायकल योजनेखाली नववीतील पात्र मुलींना सायकली देण्यात येतात. खेड्यात प्राथमिक शाळा जवळ असते, माध्यमिक शाळा दूर असते. आणि नेमक्या याच टप्प्यावर मुलींचे शिक्षण खुंटते. बिहारने 2006 साली अशीच योजना सुरू केली. शेजारच्या झारखंडशी तुलना करून तिचा अभ्यास झाला, तेव्हा माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. शाळा तीन किलोमीटरहून दूर असलेल्या गावांत हा परिणाम विशेष होता. त्याआधी, तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1991 नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो ग्रामीण स्त्रिया सायकल शिकल्या. पाणी आणणे, माल बाजारात नेणे, मुलाला दवाखान्यात पोहोचविणे यांसाठी त्यांना कुणाची वाट पाहावी लागेना. अक्षरज्ञानाइतकेच हेही स्वातंत्र्यच म्हणावे लागेल.

तिसरा वर्ग बहुधा विस्मृतीत राहतो. पाय अधू असलेल्या व्यक्तींची हाताने चालविण्याची तीनचाकी ही देखील एक प्रकारची सायकलच आहे. वाहने आत शिरू नयेत म्हणून सायकलमार्गाच्या तोंडाशी खांब रोवताना त्यांतील अंतर इतके असावे, की ती सहज आत जाईल. वृद्धांसाठी खाली वाकविलेल्या दांड्याची सायकल सोयीची ठरते. बैठकीची उंचीही महत्त्वाची आहे. पायटा सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहील एवढी उंची ठेवल्यास सांध्यांवर ताण येत नाही.

रायपुरात ऊन हीही एक अडचण आहे. मे महिन्यात पारा कधी कधी 45 अंशांपलीकडे जातो. अशा ठिकाणी रस्त्याकडेचे झाड ही शोभेची वस्तू राहत नाही. तो मार्गाचा आवश्यक भाग ठरतो. रस्ता रुंद करण्यासाठी झाडे तोडली, की सायकलस्वाराची आणि पादचाऱ्याची वाट एकाच वेळी बंद होते.

रस्ता वाहनांसाठी की माणसांसाठी, हा प्रश्न भारतापुरता मर्यादित नाही. नेदरलँड्समध्ये 1971 साली रस्त्यांवरील अपघातांत 400 हून अधिक मुले मृत्युमुखी पडली. संतप्त आईवडील रस्त्यावर उतरले, आणि त्यानंतरच्या दशकांत त्या देशाने वेगळे सायकलमार्ग व मंदगती वस्त्या उभारल्या. आजची तेथील सायकल-संस्कृती ही परंपरेची देणगी नसून त्या निर्णयांचे फळ आहे. भारताच्या 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांच्या नव्हे, तर माणसांच्या ये-जा करण्याला प्राधान्य द्यावे हे तत्त्व स्वीकारले आहे. सायकलीवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर 2025 मध्ये 12 वरून 5 टक्क्यांवर आला, हेही एक पाऊल आहे. तथापि स्वस्त सायकल असुरक्षित रस्त्यावर निरुपयोगी ठरते.

तेव्हा करावयाचे काय, याचे उत्तर अवघड नाही. कारखान्यांकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यांवर सलग, उंचवट्याने वेगळा केलेला व प्रकाशित मार्ग हवा. शाळा व बाजारांभोवती वाहनांचा वेग कमी हवा. सायकल बांधून ठेवण्यास निर्धास्त जागा हवी आणि वाटेवर सावली हवी. सायकलमार्ग पूर्ण झाला की नाही याची कसोटी त्याची लांबी नव्हे. कामावरून परतणारा मजूर आणि शाळेतून घरी निघालेली मुलगी सायंकाळी त्यावरून निर्भयपणे जाऊ शकतात काय, हीच त्याची खरी कसोटी होय.