जहाजावरचं बिल कोणत्या डॉलरात?

प्रश्न : आम्ही टोरांटोत राहतो. व्हँकुव्हरहून अलास्काच्या क्रूझला निघालोय. जहाजावर आमचं कॅनडाचं कार्ड चालेल ना?

उत्तर : चालेल. पण जहाज कॅनडातून सुटलं, तरी आतला हिशेब बहुधा अमेरिकी डॉलरमध्येच असतो. कॅनडातली बरीचशी क्रेडिट कार्डं परकीय चलनावर सुमारे २.५ टक्के जादा कापतात. हे शुल्क न लावणारी कार्डंही मिळतात. निघण्याआधीच एखादं काढून ठेवा. अलास्कात उतरल्यावर जूनो शहरातल्या दुकानात कार्डाचं मशीन विचारेल, ‘कॅनेडियन डॉलरमध्ये भरणार?’ बिनधास्त अमेरिकी डॉलर निवडा. कॅनेडियन डॉलरची ती आपुलकी महागात पडते. जहाजाच्या खात्याला डेबिट कार्ड मात्र जोडू नका. त्यावर जहाजाने आगाऊ अडकवून ठेवलेले पैसे मोकळे व्हायला कधी कधी बरेच दिवस लागतात. टिपही बहुतेक जहाजांवर रोज आपोआप बिलात चढते, तेव्हा उतरण्याच्या आदल्या रात्री बिल नीट तपासा.