पुढे येणाऱ्या माणसांशी आपले नाते

मागच्या अभ्यासवर्गात एका तरुण कार्यकर्त्याने विचारलेला प्रश्न वेळेअभावी राहून गेला. हवामान बिघडत चालले आहे, युद्धे थांबत नाहीत, यंत्रे माणसाचे काम करू लागली आहेत. माणूसजातीचे पुढे काय होणार याचाच भरवसा नाही, तर मुरबाड-शहापूरकडच्या एखाद्या वाडीवर वीस मुलांना बाराखडी शिकवून काय साधणार? त्याने आणखी एक जोडले. आपण गेल्यावर माणूसजात राहिली काय नि संपली काय, आपल्याला त्याचे काय? काहींना हे बोलणे निराशेचे वाटले. मला ते प्रामाणिक वाटले. सेवेच्या कामात पडलेल्या प्रत्येकाच्या मनात हा विचार कधी ना कधी, बहुधा परतीच्या एस.टी.त, येऊन जातो. म्हणून या अंकाचा पाठ त्याच प्रश्नावर.

सॅम्युएल शेफलर या अमेरिकी तत्त्वज्ञांचे 'डेथ अँड द आफ्टरलाइफ' हे पुस्तक २०१३ साली आले. त्यात ते वाचकाला एक कल्पना करायला सांगतात. तुम्ही तुमचे आयुष्य पुरेपूर जगणार आहात. मात्र तुमच्या मृत्यूनंतर ३० दिवसांनी पृथ्वी नष्ट होणार आहे, आणि हे तुम्हाला आजच कळले आहे. तुमचे स्वतःचे त्यात काहीच बुडत नाही. तरीही आज करता ते काम तुम्ही त्याच उमेदीने कराल का? रोगावर औषध शोधणारा शोधत राहील का? शाळेची इमारत बांधणारा बांधत राहील का? शेफलर यांचे म्हणणे असे, की बहुतेकांची उमेद संपेल. ज्यांचे तोंड आपण कधी पाहणार नाही, अशा माणसांच्या आधारावर आपले आजचे जगणे उभे असते आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

हे समजायला परदेशी पुस्तक कशाला, असे कोणी म्हणेल. ठीकच आहे. आपल्या शेजारचे अंबरनाथचे शिवालय शके ९८२ मधले, म्हणजे इ.स. १०६० चे. ज्या पाथरवटांनी त्या भिंती कोरल्या त्यांनी केवळ त्या वर्षीच्या यात्रेकरूंसाठी छिन्नी धरली नव्हती.

काही जण याहून लांबचे विचारतात. पाचेक अब्ज वर्षांनी सूर्यच विझणार, मग या सगळ्याचा उपयोग काय? मला हा प्रश्न शहरातच ऐकायला मिळाला. कातकरी वाडीवर तो कोणी विचारत नाही. तिथे पुढचा पावसाळा हाच लांबचा पल्ला असतो, आणि तोही पुष्कळदा आधीच गहाण पडलेला असतो.

गहाण हा शब्द मी अलंकार म्हणून वापरत नाही. जुन्या ठाणे जिल्ह्यात डहाणू-उंबरगाव पट्ट्यात 'लग्नगडी' नावाची पद्धत होती. वारली तरुणाने लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे उचलले, की तो आणि त्याची बायको दोघांनीही त्या सावकाराकडे राबायचे. ते कर्ज कधी फिटले असे होतच नसे. संसार ज्या दिवशी सुरू झाला त्याच दिवशी त्याचे पुढचे सगळे दिवस विकले गेलेले असत. जानेवारी १९४५ मध्ये आपल्या टिटवाळ्यात किसान सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा त्या भागातले काही वारली तिथवर आले होते. पुढे काय झाले ते गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे. त्यांची राजकीय मते आपल्यातल्या अनेकांना पटणार नाहीत. तरी या जिल्ह्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते पुस्तक वाचावे असा माझा आग्रह आहे. दुसऱ्याचा उद्या हिरावून घेणे म्हणजे काय, ते त्यात स्पष्ट दिसते.

त्याच १९४५ साली, त्याच डहाणू तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डीला एक अगदी वेगळे काम सुरू झाले. ताराबाई मोडक तेव्हा ५३ वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले होते आणि शहरी शिक्षणक्षेत्रात त्यांचे नाव झाले होते. त्या वयात त्यांनी खेड्यात ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. त्यांना येऊन मिळालेल्या अनुताई वाघ यांचे लग्न १३ व्या वर्षी झाले होते आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले होते. त्या काळच्या समाजाच्या लेखी त्यांचे भवितव्य तिथेच संपले होते.

बोर्डीला बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुले येईनात. अशा वेळी आपण सहसा पालकांना दोष देतो. या दोघींनी बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेऊन ठेवली. तीच अंगणवाडी. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, गोटे, बिया आल्या. आधी मुलांना आंघोळ, नखे कापणे, केस विंचरणे, मग गाणी-गोष्टी आणि मोजणी. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली थोडी मोठी मुले दिवसभर गुरांमागे असत. मग शाळा कुरणात गेली आणि तिला नाव पडले कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथे आपण जायचे, एवढी साधी ही गोष्ट आहे. करून पाहिल्याशिवाय ती किती अवघड आहे ते कळत नाही.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी हेच नाव मिळाले. ताराबाईंनी ते पाहिले नाही. आज ठाण्यातल्या झोपडपट्टीपासून शहापूरच्या पाड्यापर्यंत जी मुले अंगणवाडीत खिचडी खातात, त्यांच्यातल्या एकाचेही नाव त्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. पण त्यांनी 'माणूसजातीचे भवितव्य' म्हणून काम केले असेही मला वाटत नाही. त्यांच्यासमोर बोर्डीतली ठरावीक मुले होती, नावानिशी. पुढची लाखो मुले त्या ओळखीतून आली. माझ्या मते आपल्या तरुण मित्राच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. माणूसजात ही इतकी मोठी गोष्ट आहे की तिच्यावर थेट जीव लावता येत नाही. जीव लागतो तो एखाद्या मुलावर. ते मूल चाळीस वर्षांनी कसे जगेल याची काळजी वाटू लागली, की पुढचा काळ आपल्याला परका राहत नाही. ज्याचे असे कुणाशीच नाते नाही, त्याला भवितव्य पोकळ वाटणारच, आणि वाद घालून ते भरून निघत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना विशेष असुरक्षित मानले जाते त्यांत कातकरी आहेत. खैरापासून काथ काढणारे म्हणून कातकरी. जंगलावर सरकारी कायदे आले आणि तो धंदा गेला. आज मुरबाड, शहापूर, कर्जतकडची कितीतरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन कल्याण-भिवंडी परिसरातल्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेले पैसे. ते आजारपणात, लग्नात, पावसाळ्यातल्या खाण्यात गेलेले असतात. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. तरी हंगाम संपताना हिशेब कोणाच्या वहीतून होतो ते पाहिले, म्हणजे लग्नगड्याची आठवण येते.

यांना उद्याचा विचारच नसतो, असे डोंबिवलीच्या एका घरात मला ऐकवले गेले. त्याच घरावर २० वर्षांचे गृहकर्ज होते. पुढची २० वर्षे तुम्ही असाल आणि कमवाल, असा विश्वास बँक तुमच्यावर टाकते. कातकऱ्यावर तसा विश्वास कोणी टाकत नाही, कारण पुष्कळदा घराखालची जागासुद्धा त्याच्या नावावर नसते. त्याला मिळतो तो सहा महिन्यांचा उद्या, तोही व्याजासकट. भट्टीवर एका आईला मी विचारले होते, पोरांची शाळा का सोडवली? ती म्हणाली, "घराकडं ठेवू कुणाजवळ, बाई? म्हातारी पण हितंच आली." यात उद्याचा विचार नाही असे कोण म्हणेल?

विधायक संसद या संस्थेने जुन्या ठाणे जिल्ह्यात भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे मजुरांनी हंगामापुरती उभी केलेली झोपडी. अंगण, कुरण, भोंगा. वाट तीच आहे.

हे नाते एकतर्फी नसते, हेही नोंदवायला हवे. जूनच्या सुरुवातीला कल्याण, डोंबिवली, ठाणे स्टेशनबाहेर आदिवासी बायका शेवळांचे वाटे लावून बसतात. बरोबर काकडांची आंबट फळे असतात, शेवळांची खाज मारायला. घेणाऱ्या नव्या मुलीला भाजी कशी करायची ते त्या सांगतातही. त्यांना विचारून पाहा. शेवळं म्हणजे वर आलेला कोंब. तो खुडायचा, कंद जमिनीत ठेवायचा. कंदच उपटला तर पुढच्या पावसाळ्यात काय? पर्यावरणाच्या परिषदांत जे भाषणांतून सांगितले जाते ते इथे भाजीच्या वाट्यात असते. शिकवायला जाणाऱ्याने हे शिकूनही यावे.

आणि शहराचे काय? २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती. गाडीत खांद्याला खांदा लागलेला असतो. महिलांच्या डब्यात हळदीकुंकू होते, भजनी मंडळे आहेत, हे मी विसरत नाही. पण सेवानिवृत्तीनंतर ती ८ ची गाडी सुटली की सोबतचे गट सुटतात, मुले परदेशी असतात, आणि इमारतीला लिफ्ट आल्यापासून जिन्यात कोणी भेटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ च्या अहवालात म्हटले आहे की जगात दर ६ माणसांमागे १ जण एकटेपणाने ग्रासलेला आहे. आपल्या वर्गांना येणारे काही ज्येष्ठ कार्यकर्ते मुलांसाठी येतात तितकेच स्वतःसाठी येतात. त्यात कमीपणा काही नाही. ज्यांना कोणाची तरी वाट पाहायची असते, अशी दोन्हीकडची माणसे तिथे भेटतात.

मंडळांनी चर्चेला दोन गोष्टी घ्याव्यात. आपल्या भागात कोणत्या भट्ट्या आहेत आणि तिथली मुले कोणत्या वाडीवरून येतात, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आणि तीच मुले पावसाळ्यात गावी परतल्यावर त्यांच्या शाळेशी आपला संपर्क राहतो का?

यंदाचे वर्ग दिवाळीनंतर भट्ट्यांवर कुटुंबे आली की सुरू होतील, शनिवार-रविवार, संध्याकाळी ५ नंतर. पाट्या आणि पुस्तके पुरेशी आहेत; नेलकटर, खोबरेल तेल आणि कंगवे हवे आहेत. एकाच भट्टीवर संपूर्ण हंगाम येणे जमणार असेल त्यांनीच नावे द्यावीत. मुले आपल्याला नावाने ओळखू लागतात ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर, आणि त्याआधी माणूस बदलला तर सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते.