यादीचा क्रम कोण ठरवितो?

तुमच्या वर्गाच्या हजेरीपटावर नावे कोणत्या क्रमाने लिहिली आहेत? कुठे ती आडनावाप्रमाणे असतात, तर कुठे प्रवेश घेतला त्या क्रमाने. मुले तीच, क्रम निराळा. संगणकातील फायलींच्या यादीचेही असेच आहे.

एखादा प्रोग्रॅम फोल्डरमधील फायलींची नावे मागतो, तेव्हा ती कोणत्या क्रमाने मिळतील हे साठवणीच्या पद्धतीवर अवलंबून असते. विंडोजमधील ‘एनटीएफएस’ पद्धत नावे वर्णानुक्रमे लावूनच ठेवते. पेन ड्राइव्हवर आढळणारी ‘फॅट’ पद्धत साधारणपणे फायली जशा आल्या तशा नोंदी करते. मधली एखादी फाइल पुसली, तर तिच्या मोकळ्या जागी नवी नोंद बसू शकते. लिनक्समधील ‘ईएक्सटी४’ पद्धत नावावर गणिती क्रिया करून एक संख्या काढते आणि मोठ्या फोल्डरमधील नावे त्या संख्येच्या क्रमाने देते. आपल्याला ती यादी विस्कटलेली दिसते. पण त्यामुळे हवी ती फाइल चटकन सापडते.

मग बिघडते कोठे? प्रोग्रॅम लिहिणारा क्रम गृहीत धरतो तेथे! रेणूंच्या अभ्यासासाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेला एक प्रोग्रॅम फायलींच्या जोड्या यादीतील क्रमावरून जुळवीत असे. हवाई विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवून दिले, की तीच माहिती देऊनही विंडोज १० वर उत्तर १७३.२ येते, तर उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर १७२.४! गणित बरोबर होते, जोड्या चुकल्या होत्या. उपाय साधा होता : यादी मिळताच प्रोग्रॅमनेच ती क्रमाने लावावयाची. पायथॉन भाषेत त्यासाठी ‘सॉर्टेड’ हा एकच शब्द पुरतो.

मात्र ‘क्रमाने’ म्हणजे कसे, हेही ठरवावे लागते. संगणक अक्षरांची तुलना त्यांच्या सांकेतांकांवरून करतो. इंग्रजी कॅपिटल झेडचा सांकेतांक ९० आहे, स्मॉल एचा ९७. म्हणून नुसते सांकेतांक पाहिले, तर कॅपिटल झेडने सुरू होणारे नाव स्मॉल एने सुरू होणाऱ्या नावाच्या आधी येते! तसेच ‘प्रयोग१०’ हे ‘प्रयोग२’च्या आधी लागते, कारण तुलना एकेका चिन्हाची होते आणि १ हा २ पेक्षा लहान आहे.

करून पाहा : प्रयोग१, प्रयोग२, प्रयोग१० अशा नावांच्या तीन फायली तयार करा. पायथॉनमधून त्यांची यादी मागवा. प्रथम तशीच, मग ‘सॉर्टेड’ वापरून. नंतर नावे प्रयोग०१, प्रयोग०२, प्रयोग१० अशी बदला आणि पुन्हा पाहा. पुढे लावलेल्या शून्याला एरवी किंमत नसते. येथे मात्र ते काय काम करते, हे तुमचे तुम्हीच सांगा.