भाषाविज्ञान शिकून इंग्रजी शिकवता येईल?

प्रश्न : मी बी.ए. आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवायचे आहे. भाषाविज्ञानात एम.ए. करू का?

उत्तर : जरूर करा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात तशी सोय आहे. भाषाविज्ञानामुळे मुलांच्या चुकांचे मूळ कळते. मराठीत ‘अ’, ‘द’ अशी उपपदे नाहीत, म्हणून मुले ती गाळतात. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ हे दोन्ही उच्चार आपण एकाच ‘व’वर भागवतो. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, ‘डब्ल्यू’साठी ओठांचा चंबू करायचा; आरशासमोर करून घेतले की फरक चटकन समजतो. मात्र नुसत्या एम.ए.वर भागणार नाही. माध्यमिक शाळेत नोकरी हवी असेल तर बी.एड. लागतेच. तेव्हा आधी बी.एड. उरका, मग भाषाविज्ञानाकडे वळा.